मतांचा हिशेब मागणारा सिनेटर : रॉबर्ट ला फॉलेट

रॉबर्ट मॅरियन ला फॉलेट १९०६ ते १९२५ या काळात अमेरिकेच्या सिनेटमध्ये विस्कॉन्सिन राज्याचे प्रतिनिधी होते. त्याआधी ते काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहावर तीनदा निवडून गेले होते आणि पाच वर्षे विस्कॉन्सिनचे गव्हर्नर होते. रेल्वे कंपन्या, लाकूडसम्राट आणि बँका यांच्या पैशावर चालणारे राजकारण सामान्य मतदाराच्या हाती यावे, या एका ध्यासापायी त्यांनी स्वतःच्याच रिपब्लिकन पक्षाशी जन्मभर झुंज दिली. त्यांचे हत्यार अगदी साधे होते. लोकप्रतिनिधीने सभागृहात कोणत्या बाजूने मत दिले, ते त्याच्याच मतदारांसमोर जाऊन वाचून दाखवायचे.

त्यांचा जन्म १४ जून १८५५ रोजी विस्कॉन्सिनमधील डेन काउंटीत, प्रिमरोज या खेड्यातल्या शेतकरी कुटुंबात झाला. आठ महिन्यांचे असतानाच वडील गेले. आईने पुढे एका वयस्क, कडक धार्मिक वृत्तीच्या व्यापाऱ्याशी लग्न केले आणि मुलाचे बालपण त्या घरातल्या शिस्तीत गेले. १८७५मध्ये ते मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठात दाखल झाले. अभ्यासात ते यथातथाच होते. नाव झाले ते वक्तृत्वात. १८७९मध्ये शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’मधील इयागो या पात्रावर भाषण करून त्यांनी आंतरराज्य वक्तृत्व स्पर्धा जिंकली. सरकारी विद्यापीठात शिकलेल्याने राज्याच्या ऋणातून उतराई झाले पाहिजे, अशी शिकवण देणारे विद्यापीठाचे अध्यक्ष जॉन बॅस्कम यांचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला.

विद्यापीठातच त्यांची बेल केस यांच्याशी ओळख झाली. ३१ डिसेंबर १८८१ रोजी दोघांचा विवाह झाला. बेल यांनी १८८५मध्ये त्याच विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. तिथून कायद्याची पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्या झटल्या, आणि राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या राजवटीत सरकारी कचेऱ्यांतून काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळे बसवण्यास सुरुवात झाली तेव्हा त्याविरुद्ध त्यांनी जाहीर लेखन केले. नवऱ्याच्या प्रत्येक मोठ्या निर्णयात त्यांचा सल्ला असे. ला फॉलेट यांची कारकीर्द ही बऱ्याच अर्थाने या दोघांची कारकीर्द आहे.

१८८०मध्ये ला फॉलेट डेन काउंटीचे सरकारी वकील म्हणून निवडून आले. १८८४मध्ये पक्षातल्या स्थानिक पुढाऱ्यांचा विरोध मोडून ते काँग्रेसवर गेले. या काळात ते चारचौघांसारखेच रिपब्लिकन होते; आयात मालावर भारी जकात लावणाऱ्या १८९०च्या मॅकिन्ली कायद्याच्या घडणीतही त्यांचा हात होता. त्याच वर्षी पक्षाची धूळधाण झाली आणि ते पडले. मॅडिसनला परतून त्यांनी पुन्हा वकिली सुरू केली.

पुढच्याच वर्षी त्यांच्या आयुष्याला वळण देणारी घटना घडली. राज्याचे माजी खजिनदार सरकारी पैसा बँकांत ठेवत आणि त्यावरचे व्याज स्वतःच्या खिशात घालत. ते परत मिळवण्यासाठी राज्याने दावा लावला. खजिनदारांना जामीन राहिलेल्यांत लाकडाच्या धंद्यात गबर झालेले रिपब्लिकन सिनेटर फिलेटस सॉयर होते आणि खटला ज्या न्यायाधीशापुढे होता, ते ला फॉलेट यांच्या बहिणीचे यजमान. सप्टेंबर १८९१मध्ये सॉयर यांनी ला फॉलेट यांना मिलवॉकीच्या एका हॉटेलात बोलावून घेतले. तिथे आपल्याला लाच देऊ करण्यात आली, असे ला फॉलेट यांनी जाहीर केले. ती वकिलाची फी होती, असा सॉयर यांचा खुलासा होता. खोलीत दोघेच होते, त्यामुळे सिद्ध काहीच झाले नाही. न्यायाधीश मात्र खटल्यातून बाजूला झाले. पक्षातल्या बड्या मंडळींनी ला फॉलेट यांना वाळीत टाकले आणि राज्यात खरी सत्ता कुणाची चालते, याचा छडा लावण्याचा निश्चय तिथून पुढे त्यांनी सोडला नाही.

त्या काळी उमेदवारी पक्षाच्या अधिवेशनात ठरे. अधिवेशनाचे प्रतिनिधी पुढाऱ्यांच्या मुठीत असत आणि पुढारी रेल्वे कंपन्यांच्या. १८९६ आणि १८९८ अशी दोनदा गव्हर्नरपदाची उमेदवारी ला फॉलेट यांच्या हातून निसटली. तेव्हा ते थेट लोकांत उतरले. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या जत्रांमध्ये, शेतकऱ्यांच्या मेळाव्यांत ते तासन्‌तास बोलत, आणि बोलण्यात आकडे असत : रेल्वे कंपनी किती कर भरते, शेतकरी किती भरतो, धान्य वाहून नेण्याचे भाडे शेजारच्या राज्यात किती आणि इथे किती. असे कोरडे आकडे ऐकायला माणसे ताटकळत उभी राहत, यात त्यांच्या वक्तृत्वाइतकाच श्रोत्यांच्या पोटतिडकीचाही वाटा होता. १९००मध्ये ते गव्हर्नर म्हणून निवडून आले.

विधिमंडळाच्या पहिल्याच अधिवेशनात विरोधकांनी त्यांची विधेयके पाडली. त्यावर त्यांनी मतनोंदणीचा उपाय काढला. विरोधी आमदाराच्या मतदारसंघात सभा घ्यायची, विधेयक काय होते ते समजावून सांगायचे आणि मग त्या आमदाराने कोणत्या दिवशी कसे मत दिले, ते सभागृहाच्या कामकाजाच्या नोंदीतून जसेच्या तसे वाचायचे. वर शेरा मारण्याची गरजच उरत नसे. १९०४मध्ये पक्षात उभी फूट पडून दोन वेगळी अधिवेशने भरली. आपणच खरे रिपब्लिकन, असा दोघांचाही दावा होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ला फॉलेट यांच्या गटाच्या बाजूने निकाल दिला आणि ते तिसऱ्यांदा गव्हर्नर झाले.

याच निवडणुकीत मतदारांनी थेट प्रायमरीच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केले. पक्षाचे तिकीट कुणाला द्यायचे, हे आता पुढाऱ्यांऐवजी सामान्य मतदार गुप्त मतदानाने ठरवू लागले. रेल्वेच्या मालमत्तेवर तिच्या खऱ्या किमतीनुसार कर बसला आणि भाड्यांवर देखरेख करणारा आयोग नेमला गेला. सरकारी नोकऱ्या वशिल्याने न देता परीक्षा घेऊन देण्याचा कायदा झाला. आयोगांवर आणि कायद्यांच्या मसुद्यांवर विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ व अभियंते काम करू लागले. विद्यापीठाचे ज्ञान राज्याच्या कारभाराला जोडण्याची ही रीत ‘विस्कॉन्सिन कल्पना’ म्हणून देशभर गाजली. १९११मध्ये याच राज्याने नीट वसूल होणारा प्राप्तिकर आणि कामगारांना अपघाताची भरपाई देणारा कायदा केला, तोवर ला फॉलेट वॉशिंग्टनला गेले होते. पाया मात्र त्यांच्या कारकिर्दीत रचला गेला होता.

तेव्हा सिनेटर थेट लोकांकडून निवडले जात नसत, राज्याची विधिमंडळे त्यांना निवडत. १९१३च्या सतराव्या घटनादुरुस्तीने ती पद्धत संपली. ला फॉलेट जानेवारी १९०५मध्ये निवडले गेले आणि हाती घेतलेली कामे उरकून वर्षभराने, जानेवारी १९०६मध्ये सिनेटमध्ये दाखल झाले. नव्या सदस्याने गप्प बसावे, हा तिथला रिवाज. रेल्वे भाड्यांच्या विधेयकावर ते अनेक तास बोलू लागले, तसे ज्येष्ठ सदस्य एकेक करून उठून गेले. ज्या जागा आज थोड्या वेळापुरत्या रिकाम्या दिसताहेत, त्या पुढे कायमच्या रिकाम्या होऊ शकतात, असे त्यांनी तिथल्या तिथे बजावले. त्या उन्हाळ्यात ते व्याख्यानांच्या दौऱ्यावर निघाले आणि राज्याराज्यांत जाऊन त्या त्या सिनेटरांची मते लोकांना वाचून दाखवू लागले.

मे १९०८मध्ये ऑल्ड्रिच-व्रीलँड चलन विधेयक सिनेटपुढे आले. ते बड्या बँकांच्या सोयीचे आहे, असे ला फॉलेट यांचे म्हणणे होते. सिनेटमध्ये बोलायला उभ्या राहिलेल्या सदस्याला तेव्हा वेळेचे बंधन नव्हते; भाषण लांबवून विधेयक रोखता येई. २९ मेच्या दुपारी ते बोलायला उभे राहिले. उकाडा असह्य होता. सदस्यसंख्या पुरेशी नसल्याचा मुद्दा पुन्हापुन्हा काढून ते हजेरी घ्यायला लावत आणि तेवढ्या वेळात घटकाभर टेकत. सिनेटच्या उपाहारगृहातून त्यांच्यासाठी दुधात कच्ची अंडी फेटून पेले येत होते. रात्री आलेल्या एका पेल्याची चव बिघडलेली लागली म्हणून त्यांनी तो परत धाडला. पुढे तपासणीत ते दूध दूषित निघाले. पोट बिघडलेले असतानाही ते दुसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत बोलत राहिले. १८ तासांहून अधिक चाललेल्या या भाषणाचा उच्चांक १९५३पर्यंत टिकला. त्यांच्यानंतर मिझुरीचे विल्यम स्टोन आणि ओक्लाहोमाचे अंध सिनेटर थॉमस गोर यांनी किल्ला लढवायचा ठरले होते. स्टोन दालनात आहेत असे समजून गोर बोलणे थांबवून खाली बसले. स्टोन नेमके बाहेर गेले होते. त्या क्षणात मतदान पुकारले गेले आणि विधेयक मंजूर झाले.

जानेवारी १९०९मध्ये ला फॉलेट यांनी स्वतःच्या नावाचे साप्ताहिक काढले. त्यांनी पार पाडलेल्या कायद्यांपैकी १९१५चा खलाशी कायदा सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल. कराराची मुदत संपण्याआधी जहाज सोडणाऱ्या खलाशाला तोवर पळपुटा ठरवून तुरुंगात टाकता येत असे. नॉर्वेत जन्मलेले खलाशी पुढारी अँड्रयू फ्युरुसेथ वर्षानुवर्षे या जुलमाविरुद्ध काँग्रेसचे उंबरठे झिजवत होते. १९१२मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाल्यावर जीवरक्षक होड्यांचा प्रश्नही ऐरणीवर आला. नव्या कायद्याने ही अटक बंद केली, बंदरात आल्यावर कमावलेल्या पगाराचा निम्मा भाग मागण्याचा हक्क दिला आणि पुरेशा होड्या सक्तीच्या केल्या. त्यात एक उणी बाजूही होती. बहुसंख्य खलाशांना अधिकाऱ्यांची भाषा कळली पाहिजे, या अटीमागे सुरक्षेबरोबरच स्वस्त मजुरीवर घेतल्या जाणाऱ्या आशियाई खलाशांना दूर ठेवण्याचा हेतूही होता.

राष्ट्राध्यक्षपदाची त्यांची आकांक्षा १९१२मध्ये धुळीला मिळाली. सुधारणावादी रिपब्लिकनांचे ते स्वाभाविक उमेदवार होते. पण माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पुन्हा मैदानात येणार अशी चिन्हे दिसताच पाठीराखे चुळबुळू लागले. २ फेब्रुवारीला फिलाडेल्फियात मासिकांच्या प्रकाशकांच्या मेजवानीत त्यांचे भाषण होते. कामाने ते थकले होते आणि मुलीवर शस्त्रक्रिया व्हायची होती. बोलता बोलता तोल गेला, तेच ते मुद्दे पुन्हापुन्हा येऊ लागले, यजमान वृत्तपत्रवाल्यांवरच आगपाखड झाली. ते मनाने खचल्याची बातमी पसरली आणि पाठीराख्यांनी ती निमित्तासारखी वापरून रूझवेल्ट यांचा रस्ता धरला. ला फॉलेट हा दगा कधी विसरले नाहीत. माणसे जोडून ठेवण्याची कला त्यांना साधली नाही; मतभेद झाला की तो त्यांना तत्त्वद्रोह वाटे, आणि एरवी सोबत राहिले असते असे अनेक जण त्यामुळे दुरावले.

त्यांच्या निष्ठेची सर्वांत कठोर परीक्षा पहिल्या महायुद्धाने घेतली. मार्च १९१७मध्ये व्यापारी जहाजांवर तोफा बसवण्याचे विधेयक त्यांच्यासह मूठभर सदस्यांनी अधिवेशन संपेपर्यंत अडवून धरले. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन भडकले आणि काही दिवसांतच, दोन-तृतीयांश मतांनी चर्चा थांबवता येईल, असा नियम सिनेटने केला. ४ एप्रिलला युद्धाच्या ठरावावर मतदान झाले : बाजूने ८२, विरुद्ध ६. त्या सहांत ला फॉलेट होते. मतदानापूर्वी काही तास बोलताना त्यांनी बजावले की ब्रिटननेही तटस्थांचे हक्क तुडवले आहेत आणि रणांगणावर मरणाऱ्या गरिबांना कुणी मत विचारलेले नाही. युद्ध जाहीर झाल्यावर मात्र खर्चाचा भार नफेखोरांवर आणि श्रीमंतांवर टाका, हा हट्ट त्यांनी धरला.

सप्टेंबर १९१७मध्ये सेंट पॉल येथे केलेल्या भाषणात अमेरिकेची जर्मनीविरुद्ध तक्रार आहे, असे ते म्हणाले होते. असोसिएटेड प्रेसने नेमके उलटे, तक्रार नाही असे छापले. देशभर संतापाचा आगडोंब उसळला. सिनेटमधून त्यांची हकालपट्टी करावी म्हणून अर्ज आले, त्यांची चौकशी सुरू झाली. ज्या विद्यापीठाला त्यांनी आयुष्यभर मानाचे स्थान दिले, तिथल्या बहुतेक सर्व प्राध्यापकांनी त्यांच्या निषेधाच्या पत्रकावर सह्या केल्या. ६ ऑक्टोबरला सिनेटमध्ये त्यांनी उत्तर दिले ते स्वतःच्या बचावाच्या पलीकडचे होते : युद्धकाळात तर नागरिकाचा सरकारवर टीका करण्याचा हक्क अधिकच जपला पाहिजे. वृत्तसंस्थेने मे १९१८मध्ये चूक कबूल केली. जानेवारी १९१९मध्ये सिनेटने ५० विरुद्ध २१ मतांनी प्रकरण निकालात काढले आणि १९२२मध्ये विस्कॉन्सिनच्या मतदारांनी त्यांना प्रचंड मताधिक्याने परत पाठवले. त्याच वर्षी नौदलाच्या तेलसाठ्यांच्या भाडेपट्ट्यांची चौकशी करण्याचा ठराव त्यांनी मांडला होता. त्यातून टीपॉट डोम या तेलसाठ्याचा भ्रष्टाचार उघड झाला आणि अंतर्गत व्यवहार मंत्री राहिलेल्या अल्बर्ट फॉल यांना पुढे तुरुंगात जावे लागले.

१९२४मध्ये दोन्ही मोठ्या पक्षांना सोडून ते राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. उपाध्यक्षपदासाठी मोंटानाचे डेमोक्रॅट सिनेटर बर्टन व्हीलर त्यांच्या जोडीला होते. रेल्वे आणि जलविद्युत सार्वजनिक मालकीची करावी, बालमजुरी बंद व्हावी, कामगारांना संघटित होऊन सौदा करता यावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेषी संघटनेचा त्यांनी नाव घेऊन निषेध केला. पैसा तुटपुंजा होता आणि राज्याराज्यांत पक्षयंत्रणा नव्हती. तरी सुमारे ४८ लाख मते, म्हणजे एकूण मतांच्या १६.६ टक्के त्यांना पडली. राज्य मात्र एकच मिळाले, विस्कॉन्सिन. १८ जून १९२५ रोजी, सत्तराव्या वाढदिवसानंतर चार दिवसांनी, वॉशिंग्टनमध्ये त्यांचे हृदयविकाराने निधन झाले.

रिकाम्या जागेवर थोरला मुलगा रॉबर्ट निवडून आला आणि दोन दशके सिनेटमध्ये राहिला. धाकटा फिलिप विस्कॉन्सिनचा गव्हर्नर झाला. त्याच्याच कारकिर्दीत, १९३२ साली, बेकारी विम्याचा देशातला पहिला कायदा झाला. १९४६मध्ये रिपब्लिकन प्रायमरीत जोसेफ मॅकार्थी यांनी रॉबर्ट यांचा पराभव केला. वडिलांनी लढून मिळवलेल्या त्या पद्धतीतूनच देशात संशयाचे राजकारण माजवणारा माणूस सिनेटमध्ये पोहोचला. १९५७मध्ये जॉन केनेडी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सिनेटच्या इतिहासातील पाच थोर सदस्य निवडले. हेन्री क्ले, डॅनियल वेब्स्टर, जॉन कॅल्हून आणि रॉबर्ट टाफ्ट यांच्याबरोबर पाचवे नाव ला फॉलेट यांचे होते. १९५९मध्ये या पाचांची चित्रे सिनेटच्या स्वागतकक्षात लावण्यात आली. ला फॉलेट यांनी काढलेले नियतकालिक १९२९पासून ‘द प्रोग्रेसिव्ह’ या नावाने मॅडिसनहून निघत आले आहे.