गाडीवर बर्फ साचलाय? काचेआधी सायलेन्सर बघा

मनाली असो वा टोरांटो, बर्फ पडलेल्या सकाळी अनेक जण इंजिन आणि हीटर सुरू करून गाडीतच बसतात आणि काच मोकळी होण्याची वाट बघतात. धोका इथेच आहे. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं असेल, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू गाडीत शिरू शकतो. त्याला रंग नाही, वासही नाही. डोकं दुखतं, गुंगी येते आणि जीवही जाऊ शकतो.

मग काय करायचं?

आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा. मग इंजिन सुरू करून हीटरची हवा काचेकडे वळवा. बाहेरचा बर्फ प्लास्टिकच्या स्क्रॅपरने खरवडा. गरम पाणी ओतू नका, काच तडकू शकते. आणि गॅरेजमध्ये, दार उघडं असलं तरी, इंजिन सुरू ठेवू नका.