भाला बोथट, तरी डोळा सांभाळा

शिवजयंती जवळ आली की आपल्या जिल्ह्यात गावोगावच्या मैदानांवर संध्याकाळी लाठ्यांचा खडखडाट सुरू होतो. तुळजापूर असो, नळदुर्ग असो की परंडा, मिरवणुकीत लाठी, भाला, दांडपट्टा फिरवणारी मुलामुलींची पथके आता नित्याची झाली आहेत. ही गोष्ट चांगलीच आहे. खांदे मोकळे होतात, दम वाढतो, नजर आणि हात यांचा मेळ बसतो, आणि पोर घरातला कोपरा सोडून मैदानावर येते. मर्दानी खेळांना माझा विरोध नाही, उलट पाठिंबाच आहे.

मात्र सरावासाठी मुलांच्या हातात काय द्यावे, याचा विचार फारसा होत नाही. कोणी लोखंडी पाइपला पत्र्याचे पाते ठोकतो, कोणी शेतातला जुना वेळू तासून टोकदार करतो. पालकांनी शंका काढली तर उत्तर ठरलेले असते, ‘अहो, धार काढलेली आहे, काय होतंय?’ आजचा लेख या एका वाक्यासाठी आहे. धार गेली म्हणजे धोका गेला, असे मुळीच नाही.

जुन्या लोकांची बोथाटी

हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते. मराठी स्वार भालाफेकीचा आणि भालाईतीचा सराव खऱ्या भाल्याने एकमेकांवर करीत नसत. त्यासाठी ‘बोथाटी’ असे. लांब, हलका वेळू घ्यायचा, टोकाला पात्याऐवजी कापड गुंडाळलेला गोळा बसवायचा आणि तो गोळा रंगात बुडवायचा. घोड्यावरून एकमेकांवर चाल करायची. ज्याच्या अंगावर रंगाचा ठिपका उठला त्याला घाव बसला असे धरायचे. पायदळाच्या सरावासाठी फरीगदगा होता. त्यात ढालीच्या जागी फरी आणि तलवारीच्या जागी चामड्याने मढवलेली काठी, म्हणजे गदगा.

यातली खुबी लक्षात घ्या. बोथाटीत रंग लागला की घाव सिद्ध झाला, त्यासाठी जोरात मारण्याची गरजच उरली नाही. सरावाचे हत्यार कसे असावे, याचे सारे तत्त्व या एका ठिपक्यात आहे.

लांब काठीचे गणित

कुऱ्हाडीचा दांडा लांब असला की घाव जोरात बसतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. लांब काठीचे तसेच आहे. तीन फुटी आणि सहा फुटी काठी एकाच वेगाने गरगर फिरवली, तर लांब काठीचे टोक दुप्पट वेगाने धावते. माराचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे टोकाशी तितकेच वजन असेल तर जोर चौपट होतो. म्हणून भाल्याच्या टोकाला अर्धा किलोचे लोखंडी पाते बसवणे, मग ते कितीही बोथट असो, म्हणजे मुलाच्या हातात लांब दांड्याचा हातोडा देण्यासारखे आहे. कवटीला, मनगटाला, बोटांना धारेची गरज नसते, वजन पुरते.

भाल्याची भोसक आणखी वेगळी. तिच्यामागे दोन्ही हात आणि पुढे झेपावणाऱ्या सबंध शरीराचे वजन असते. ते सारे वजन टोकाच्या रुपयाएवढ्या जागेवर उतरते.

टोक केवढे असावे?

याचे उत्तर आपल्या चेहऱ्यावरच आहे. डोळ्याच्या खोबणीचे तोंड मोठ्या माणसात साधारण ४ सेंटिमीटर रुंद आणि ३.५ सेंटिमीटर उंच असते. मुलांत त्याहून लहान. त्यापेक्षा लहान टोक, मग ते कितीही गुळगुळीत असो, भुवई आणि गाल यांच्या हाडांना न अडता थेट डोळ्यात शिरू शकते. खोबणीचे छत पातळ हाडाचे असते आणि त्याच्या लगेच वर मेंदू असतो. म्हणून टोकाचा गोळा लिंबाएवढा नको, चांगल्या मोसंबीएवढा हवा, म्हणजे किमान ८ सेंटिमीटर. असा गोळा आधी हाडांच्या कडेवर टेकतो आणि डोळ्याच्या वाट्याला येणारा दाब कमी होतो.

मोडलेला भाला

बोथट टोकाइतकाच मजबूत दांडा महत्त्वाचा. फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री हा १५५९ साली पॅरिसमध्ये मुलीच्या लग्नाच्या उत्सवात भाल्याचा सामना खेळत होता. युद्ध नव्हते, खेळ होता. अंगावर चिलखत, डोक्यावर शिरस्त्राण. समोरच्याचा भाला मोडला आणि त्याच्या ढलप्या शिरस्त्राणाच्या फटीतून डोळ्यापाशी घुसल्या. त्या काळचे नामांकित वैद्य आंब्रॉज पारे आणि व्हेसालियस दोघेही उशाशी होते, तरी दहा-अकरा दिवसांत राजा गेला.

ही साडेचारशे वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. १९८२ मध्ये रोम येथे तलवारबाजीच्या जागतिक स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याचे पाते मोडले आणि तुटके टोक जाळीचा मुखवटा भेदून ऑलिंपिक विजेता व्लादिमीर स्मिर्नोव्ह याच्या डोळ्यातून मेंदूत गेले. तो वाचला नाही. त्यानंतर मुखवट्यांच्या आणि पात्यांच्या पोलादाच्या कसोट्या कडक झाल्या. जपानी लोकांनी अठराव्या शतकापासूनच तलवारीच्या सरावाला बांबूच्या पट्ट्यांची तलवार आणि अंगावर कवच वापरले. त्यांच्या लांब दांड्याच्या ‘नागिनाता’ या शस्त्राच्या सामन्यांसाठीही ओकच्या दांड्याला बांबूच्या पट्ट्यांचे पाते आणि टोकाला चामड्याची टोपी असते.

सरावाचा भाला असा करा

१) दांडा भरीव, सरळ आणि हलक्या वेळूचा घ्या. लोखंडी पाइप नको, तो जड असतो. प्लॅस्टिकचा पाइपही नको, उन्हात तो ठिसूळ होतो आणि मोडल्यावर त्याचे तुकडे सुरीसारखे होतात.

२) नव्याने शिकणाऱ्या मुलाला त्याच्या उंचीएवढाच दांडा द्या. लांबी हात बसल्यावर वाढवता येते.

३) दांड्याचे टोक कापून गोल करा. त्यावर जुन्या टायरच्या जाड रबराची चकती बसवा आणि मग कापूस, चिंध्या किंवा स्पंज यांचा गोळा बांधा. मधली चकती विसरू नका. ती नसेल तर चार दिवसांत दांडा मऊ गोळा भेदून बाहेर येतो.

४) गोळ्यावर जाड कापड किंवा चामडे शिवून ते पेराच्या गाठीखाली दोरीने आवळून बांधा, म्हणजे गोळा निसटणार नाही. मागचे टोकही तसेच मढवा. मागे उभ्या असलेल्या मुलाला तेच लागते.

५) आपल्याकडच्या उन्हाळ्यात वेळू वाळून तडकतो. अधूनमधून तेलाचा हात द्या. रोज सराव सुरू होण्यापूर्वी दांड्यावरून जुने सुती फडके फिरवा. फडके अडकले तर तिथे कूस निघाली आहे असे समजा. तडा दिसला की भाला बाद करा. वरून चिकटपट्टी गुंडाळू नका, तडा झाकला जातो, जात नाही.

६) मिरवणुकीत मिरवायचा धातूचा भाला वेगळा ठेवा. त्याने जोडीत सराव नको.

अंगावर काय हवे?

जोडीच्या सरावात डोके, डोळे, गळा आणि बोटे झाकलीच पाहिजेत. क्रिकेटचे जाळीचे हेल्मेट आणि फलंदाजाचे हातमोजे तालुक्याच्या गावीही मिळतात. त्यांचा उपयोग होतो, पण मर्यादा ओळखा. ती जाळी चेंडू अडवण्यासाठी असते, काठीचे बारीक टोक तिच्या फटीतून आत जाते. म्हणजे मोठा गोळा आणि जाळी ही दोन्ही एकत्र हवीत. साधा चष्मा म्हणजे संरक्षण नव्हे, फुटल्यास तो स्वतःच जखम करतो. गळ्यावर भोसक मारायची नाही आणि चेहऱ्यावर नेम धरायचा नाही, हा नियम पहिल्या दिवशीच सांगावा.

आणि वस्ताद हवाच. महात्मा जोतीराव फुले यांनी दांडपट्टा शिकला तो लहुजी वस्ताद साळवे यांच्याकडे. वस्ताद म्हणजे केवळ डाव शिकवणारा नव्हे, कुणी केव्हा थांबायचे हे सांगणारा. चित्रफिती पाहून आपापसांत भाला खेळणाऱ्या पोरांना थांबवणारे कोणी नसते.

इजा झालीच तर

डोळ्याला मार लागला तर डोळा चोळू नका, दाबू नका, पाण्याने धुऊ नका आणि घरातले थेंब घालू नका. काही रुतलेले असेल तर उपटू नका. कागदी पेल्यासारखे काही डोळ्यावर न दाबता आधाराला ठेवा, खायला-प्यायला देऊ नका आणि तडक नेत्रतज्ज्ञ गाठा. मोडलेला दांडा सोबत न्या. कोणता तुकडा कमी आहे ते त्यावरून कळते. बांबूची कूस साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाही, म्हणून ‘बांबूचा मार आहे’ असे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

डोक्याला मार लागल्यावर मूल उठून पुन्हा खेळू लागले, तरी निर्धास्त होऊ नका. कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत असेल तर काही तासांनी ते ढासळते. त्या दिवशी खेळ बंद. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, जास्त झोप, बडबड, फिट, हातपाय लुळे पडणे, एक बाहुली मोठी दिसणे, नाकाकानातून पाणी किंवा रक्त येणे, यांपैकी काहीही दिसले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि जिल्हा रुग्णालय गाठा.

बोट सुजले तर अंगठी आधी काढा, फळीचा आधार द्या, एक्स-रे काढा. ‘मुरगळले असेल’ म्हणून ओढून चोळून घेतलेले बोट पुढे कायमचे वाकडे राहते. जखम बांबूची असो वा लोखंडाची, धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती ते तपासून घ्या.

एक गोळा, एक रबराची चकती, एक हेल्मेट आणि रोजचे फडके, एवढ्याला फार पैसे लागत नाहीत. यंदाच्या सरावाला सुरुवात करण्यापूर्वी मंडळाच्या कार्यकर्त्यांनी आपल्याकडचे सगळे भाले एकदा उन्हात मांडून तपासावेत. आणि आईवडिलांनी मुलाच्या हातातल्या भाल्याचे टोक स्वतःच्या मिटलेल्या डोळ्यावर अलगद टेकवून पाहावे. ते खोबणीत बसत असेल, तर तो भाला त्या दिवशी मैदानावर जाऊ देऊ नये.