डांगच्या वनवाटा आणि डोंगरी सायकल

सुरत शहर तापी नदीच्या मुखाजवळील सपाट प्रदेशात वसलेले आहे. शहरात सायकल चालविणाऱ्यास चढ लागतो तो बहुधा पुलांचाच. परंतु पूर्वेकडे बारडोली व व्यारा ही गावे ओलांडून सोनगडच्या बाजूस गेले म्हणजे जमीन हळूहळू उंचावू लागते आणि पुढे दक्षिणेस वळताच डांगचा डोंगराळ मुलूख सुरू होतो. सह्याद्रीच्या उत्तर टोकाच्या या रांगांनी व्यापलेल्या डांग जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १,७६४ चौरस किलोमीटर असून त्याचा बराच मोठा भाग वनाच्छादित आहे. साग, ऐन, खैर, तिवस, कळंब आणि बांबू ही येथील प्रमुख वनसंपत्ती होय. सापुतारा हे गिरिस्थान सुमारे १,००० मीटर उंचीवर, महाराष्ट्राच्या सीमेला खेटून आहे.

मराठी वाचकास हा प्रदेश परका नाही. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेहून परतताना छत्रपती शिवाजी महाराज बागलाणमार्गे आले व वणी-दिंडोरीजवळ मोगलांशी त्यांची लढाई झाली. आज नाशिक, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या सीमा डांगला भिडलेल्या आहेत. उद्योगधंद्यानिमित्त सुरतेत स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांची संख्याही मोठी आहे. डांगी बोलीत मराठी, गुजराती व अहिराणी यांचा सुरेख मेळ आढळतो.

सुट्टीच्या दिवशी सुरत वा नाशिककडून येणारे सायकलस्वार आता या भागात दिसू लागले आहेत. त्यांपैकी काहींना डांबरी रस्ता सोडून वनातील वाटांनी जाण्याची ओढ असते. हा छंद आरोग्यदायी व निसर्गाची ओळख करून देणारा आहे, यात संशय नाही. तथापि वनवाट कशी टिकते व कशामुळे नष्ट होते, याची जाण नसेल तर त्याच छंदापासून वनाची व वनवासी बांधवांची हानी होऊ शकते.

डोंगरी सायकलीचा उगम

डोंगरी सायकल, म्हणजेच माउंटन बाइक, हे अलीकडचे वाहन आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मरीन परगण्यातील काही तरुण १९७० च्या दशकात जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन टॅमलपैस डोंगराच्या वाटांनी उतरू लागले. १९७६ पासून तेथे उतारावरील शर्यती होऊ लागल्या आणि १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी याच कामासाठी खास सांगाडे तयार केले. १९८१ नंतर अशा सायकली कारखान्यांतून मोठ्या प्रमाणावर निघू लागल्या. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या क्रीडाप्रकाराचा प्रथमच समावेश झाला.

या सायकलीचा टायर सव्वादोन इंचांच्या आसपास रुंद व दातेरी असतो. त्यात हवा कमी, म्हणजे प्रति चौरस इंच २५ ते ३० पौंड इतक्या दाबाने भरतात. त्यामुळे टायर दगडावर उसळण्याऐवजी त्याला धरून चालतो. पुढील चिमट्यात धक्के शोषणारी योजना असते. खड्या चढासाठी हलके गिअर व उतारासाठी जोरकस ब्रेक असतात.

ज्या मरीन परगण्यात या खेळाचा जन्म झाला, तेथेच १९८० च्या दशकात अरुंद पायवाटांवर सायकलींना मनाई करण्यात आली. पायी चालणारे व घोडेस्वार यांच्या तक्रारी हे त्याचे एक कारण होते व वाटांची धूप हे दुसरे. या अनुभवातून सायकलस्वार शहाणे झाले. १९८८ मध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग संघटना स्थापन केली आणि वाटा बांधणे, दुरुस्त करणे व शिस्तीने वापरणे यांचे शास्त्र विकसित केले. त्यातील तत्त्वे आपल्या डोंगरांनाही लागू पडतात.

वाटेचा खरा शत्रू

वाट चाकामुळे खराब होते, असा सर्वसाधारण समज आहे. १९९४ मध्ये अमेरिकेतील मोंटाना राज्यातील वाटांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पादचारी, घोडे, मोटारसायकली व सायकली यांच्या वापराची तुलना त्यात केलेली होती. माती सुटी करण्यात चाकांपेक्षा घोड्यांच्या टापा व माणसांची पावले यांचा वाटा अधिक असल्याचे त्यात आढळले. मग चाक निर्दोष ठरते काय? तसे म्हणता येत नाही. पावलाचा ठसा सुटा असतो, तर ओल्या मातीतून गेलेले चाक अखंड चाकोरी पाडते. उतारावर ही चाकोरी म्हणजे पाण्यासाठी आयती नाली होय.

एक साधे गणित पाहू. एक मीटर रुंद व शंभर मीटर लांब वाटेवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या वाटेवर ५,००० लिटर पाणी पडते. बाजूच्या उतारावरून वाहून येणारे पाणी यात धरलेले नाही. डांगमध्ये पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे २,००० मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस होतो. हे पाणी जागोजागी वाटेबाहेर पडले, तर पालापाचोळ्यात जिरते. ते वाटेवरूनच धावू लागले, तर प्रथम ओघळ, नंतर घळ पडते आणि वरच्या थराची माती पूर्णा, अंबिका वा खापरी नदीत जाऊन मिळते. घळ पडलेली वाट लोक सोडून देतात व शेजारून दुसरी पाडतात. अशा रीतीने एका वाटेच्या तीन वाटा होतात.

म्हणून चांगली वाट डोंगर सरळ चढत नाही; ती समपातळी रेषेला धरून तिरकी जाते. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा, असा नियम आहे. उदाहरणार्थ, शंभर मीटरमागे डोंगर तीस मीटर उतरत असेल, तर वाटेचा चढ शंभर मीटरमागे पंधरा मीटरांच्या आत असावा. शक्यतो तो दहा मीटरांहून अधिक नसणे उत्तम. वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूस किंचित कललेला असावा आणि ठिकठिकाणी हलका खोलगट उतार देऊन पाण्याला बाहेर काढावे. मृद्संधारणाच्या कामात समतल चर खोदणाऱ्या आपल्या मजुरांना हे तत्त्व नवे नाही.

डांगच्या वनातील जुन्या वाटा मात्र सायकलीसाठी आखलेल्या नाहीत. भिल्ल राजांकडून १८४२ मध्ये इंग्रजांनी ही वने पट्ट्याने घेतली व येथील सागाची तोड सुरू केली. लाकूड वाहून नेण्यासाठी पडलेले कूपरस्ते, वणवा अडविण्यासाठी साफ केलेल्या जाळरेषा आणि पाड्यांना जोडणाऱ्या पायवाटा असे या वाटांचे तीन प्रकार आहेत. कूपरस्ते रुंद व सौम्य चढाचे असल्याने सायकलीस सोयीचे पडतात. जाळरेषा पुष्कळदा डोंगराच्या धारेवरून सरळ उतरते. तिच्यावरून वेगाने उतरण्याचा मोह होतो. परंतु धूप सर्वांत लवकर होते ती तेथेच.

केव्हा व कसे जावे

पावसाळ्यात वनवाटांवर सायकल नेऊ नये. त्या दिवसांत गीरा धबधबा पाहावयाचा असेल, तर डांबरी रस्त्यानेच जावे. पाऊस संपून माती घट्ट झाल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ योग्य होय. चाकाची खूण मातीत खोल उमटू लागली, की वाट अद्याप तयार नाही असे समजून मागे फिरावे. फेब्रुवारीनंतर वणव्याचे दिवस सुरू होतात. या काळात विडी, काडी वा चूल यांपासून कटाक्षाने दूर राहावे. सागाची मोठी, वाळलेली पाने दगड व खड्डे झाकतात आणि त्यांवरून चाक सहज घसरते, हेही ध्यानात ठेवावे.

उतरताना अंगाचा भार मागे घेऊन दोन्ही ब्रेक हळूहळू लावावेत. मागचे चाक जागीच अडकवून घसरत नेल्यास माती खरवडली जाते. चिखल वा डबके आले, तर कडेने नवी वाट न पाडता उतरून सायकल हाती धरून न्यावी. खैराचे व बांबूचे काटे टायरमध्ये हमखास शिरतात. म्हणून जादा ट्यूब, पंप व चेन जोडण्याचे हत्यार जवळ असावे. शिरस्त्राण, पुरेसे पाणी व प्रथमोपचाराचे सामान यांशिवाय निघू नये. एकट्याने जाऊ नये व दिवस मावळण्यापूर्वी रस्त्यावर यावे.

कायदा आणि वाटेचे धनी

राखीव वनात विनापरवाना प्रवेश हा भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये गुन्हा ठरू शकतो. सुमारे १६१ चौरस किलोमीटरचे पूर्णा अभयारण्य १९९० मध्ये आणि डांगलगतचे वांसदा राष्ट्रीय उद्यान १९७९ मध्ये घोषित झाले. तेथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे. अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्याने प्रवास करता येतो. रस्ता सोडून आत शिरावयाचे असल्यास परवाना हवा. वाट चालता चालता राज्याची सीमा केव्हा ओलांडली गेली हे कळत नाही. परंतु सीमेच्या अलीकडे गुजरातचा व पलीकडे महाराष्ट्राचा वन विभाग असल्याने दोहोंकडील परवानगी स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

या निर्बंधांमागे सबळ कारण आहे. रानपिंगळा हा पक्षी शतकाहून अधिक काळ नष्ट झाला असे समजले जात होते. १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा आढळला व पुढे पूर्णा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. इतर घुबडांप्रमाणे तो केवळ रात्री वावरत नाही, दिवसाही भक्ष्य शोधतो. जुन्या झाडांच्या ढोलीत तो घरटे करतो. सायकलस्वाराच्या सोयीचा ऋतू त्याच्याही धावपळीचा ऋतू आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की या वाटा कोणाच्या तरी रोजच्या वहिवाटीच्या आहेत. कोकणा, भिल्ल, वारली, कोटवाळिया या समाजांतील स्त्री-पुरुष डोक्यावर मोळी वा बांबू घेऊन याच वाटांनी चालतात. मोहफुले वेचण्याच्या दिवसांत पहाटेपासून तेथे वर्दळ असते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील त्यांचा हक्क मान्य केलेला आहे. डोक्यावर ओझे असलेल्या बाईला मान वळविता येत नाही आणि सायकल तर आवाज न करता येते. वळणावर एका क्षणाची बेफिकिरी तिला जन्माची अधू करू शकते. यास्तव वळणापूर्वी घंटी वाजवावी, माणूस वा गुरे दिसताच थांबून खाली उतरावे व स्वतः दरीच्या बाजूस उभे राहून डोंगराकडील बाजू त्यांना द्यावी. पाड्यात वाट विचारून पुढे जावे. कोणती वाट पाण्याने तुटली आहे आणि कोठे बिबट्याचा वावर आहे, हे नकाशापेक्षा तेथील माणसासच अधिक ठाऊक असते.

सुरतेच्या किंवा नाशिकच्या सायकलस्वारांनी वर्षातून एक दिवस, वन विभागाच्या अनुमतीने व गावकऱ्यांच्या सल्ल्याने, अशा एखाद्या वाटेवर पाणी काढून देण्याचे काम केले, तर ते अत्यंत उपयुक्त ठरेल. त्यासाठी कुदळ, फावडे व दहा-बारा जणांचे श्रम पुरेसे आहेत. पुढील पावसाळ्यात त्या वाटेची माती जागेवर राहिली, तर मोळी घेऊन जाणाऱ्या पावलांना व सायकलीच्या चाकांना ती सारखीच उपयोगी पडेल.