नामंजुरीचे पत्र म्हणजे शेवट नव्हे

मागच्या महिन्यात नाशिकरोडच्या आमच्या वस्तीतील एक मावशी प्लॅस्टिकच्या पिशवीत जुने कागद घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांचे यजमान शिपाई. आजारपणामुळे सैन्यातून घरी आले. मेडिकल बोर्डाने अपंगत्व तीस टक्के ठरवले, पण पुढे लिहिले, 'सैन्यसेवेशी संबंध नाही.' त्या एका ओळीने अपंगत्व पेन्शन गेली. साहेबांनी लिहिले ते खरेच असणार, असे समजून घरच्यांनी पत्र पेटीत ठेवून दिले.

आम्ही स्वतः कारकुनी करतो. कागदावर उमटले ते सगळेच बरोबर नसते, हे आम्हाला पक्के ठाऊक आहे.

धर्मवीर सिंग हे १९८५ साली सिग्नल्समध्ये भरती झाले. फिटच्या आजारामुळे १९९४ साली त्यांना घरी पाठवले. अपंगत्व २० टक्के, पण याच कारणाने पेन्शन नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस धडधाकट आला असेच धरावे. आजार सेवेमुळे झाला हे सिद्ध करण्याचे ओझे शिपायावर नाही, आणि बोर्डाने आपल्या मताची कारणे दिली पाहिजेत, असे न्यायालयाने सांगितले.

टक्केवारीचेही तसेच. सेवेशी संबंध मान्य झाला, तर २० ते ५० मधले अपंगत्व पेन्शनसाठी ५० टक्के धरतात. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही हा लाभ १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालाने मिळाला. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत. त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी ते पाहून घ्यावेत.

मग करायचे काय? नामंजुरीच्या पत्रापासून सहा महिन्यांत पहिले अपील करावे. ते फेटाळले तर सहा महिन्यांत दुसरे. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचे खंडपीठ मुंबईला बसते. मुदत उलटली असेल, तर उशिराचे कारण लिहून द्यावे. डिस्चार्ज बुक, नामंजुरीचे पत्र आणि बोर्डाच्या अहवालाची प्रत जवळ ठेवावी. प्रत नसेल तर रेकॉर्ड ऑफिसकडे लेखी मागावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारावे.

महार रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली. तेव्हापासून आपल्या कितीतरी घरांतली मुले त्या वर्दीत गेली. तेव्हा आपल्या घरातली पेटी एकदा उघडून पाहा. मावशींचा अर्ज आम्ही त्यांच्यासमोर बसून लिहिला आणि स्पीड पोस्टाने पाठवला. उत्तर यायचे आहे. पण पोस्टाची पावती हातात घेऊन मावशी म्हणाल्या, "भाऊ, आतापर्यंत आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."