व्यवसाय आणि भविष्यातील स्वप्ने : प्रारंभिक इंग्रजी अध्यापनाचा एक विचार

प्रस्तावना :
महाराष्ट्रात सन २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजीचे अध्यापन सुरू झाले. प्रारंभिक पातळीवर ‘व्यवसाय’ आणि ‘मोठेपणी कोण होणार’ हे विषय नेहमी येतात. परंतु शब्दांची यादी पाठ झाली म्हणजे विद्यार्थी त्याविषयी बोलू लागला असे नव्हे. त्यासाठी मातृभाषेची वाक्यरचना आणि विद्यार्थ्याच्या घरातील श्रम या दोहोंची दखल घ्यावी लागते, हे प्रस्तुत लेखात मांडले आहे.

१. रचनेतील भेद :
मराठीत व्यवसाय पुष्कळदा क्रियापदाने सांगितला जातो; उदा. ‘माझे वडील शेती करतात.’ इंग्रजीत तोच आशय ‘माय फादर इज अ फार्मर’ असा नामाने व्यक्त होतो. मराठीत ‘अ’, ‘अ‍ॅन’ यांसारखी उपपदे नसल्याने ती गळतात. म्हणून ‘अ टेलर’, ‘अ‍ॅन इलेक्ट्रिशियन’ असे शब्द उपपदासहच शिकवावेत. वडिलांसाठी आपण आदरार्थी ‘ते’ योजतो. त्यामुळे ‘ही’ऐवजी ‘दे’ येण्याची शक्यता असते. इंग्रजीतील ‘ही’ अनादरदर्शक नाही, हे स्पष्ट करावे.

‘मला नर्स व्हायचे आहे’ यातील ‘मला’च्या जागी इंग्रजीत ‘आय’ येते : ‘आय वाँट टू बी अ नर्स.’ ‘मी नर्स होणार’ यातील निश्चय ‘आय विल बी अ नर्स’ असा सांगता येतो. इच्छा व निश्चय हा भेद मराठीतही असल्याने मराठी वाक्ये शेजारी मांडल्यास तो सहज उमगतो.

२. शब्दांची निवड :
यादीत केवळ डॉक्टर, इंजिनिअर, पायलट असतील, तर शेतमजूर किंवा ऊसतोड कामगाराचे मूल घराविषयी बोलताना गप्प राहते. नेमके नाम ठाऊक नसल्यास ‘शी कट्स शुगरकेन’ हे साधे वाक्य पुरेसे आहे. ‘आई काही करत नाही’ असे उत्तर आल्यास ‘शी कुक्स’, ‘शी फेचेस वॉटर’ ही वाक्ये द्यावीत. सर्वच मुलांचे वडील हयात वा सोबत असतात असे नाही. म्हणून ‘घरातील कोणत्याही एका मोठ्या व्यक्तीविषयी सांगा’ असे विचारणे उचित ठरते.

३. अध्यापनाचा क्रम :
प्रथम परिसरातील कामांची यादी विद्यार्थ्यांकडूनच फळ्यावर करवून घ्यावी. नंतर जोडीने ‘व्हॉट डू यू वाँट टू बी?’ हा प्रश्नोत्तरांचा सराव घ्यावा. अखेरीस ‘बिकॉज’ वापरून कारण सांगण्यास शिकवावे. कारण सांगताना पाठ केलेले उत्तर अपुरे पडते आणि विद्यार्थी स्वतःचे वाक्य रचू लागतो. येथे मूल्यमापन भाषेचे करावे, स्वप्नाचे नव्हे. ‘ड्रायव्हर’ होऊ इच्छिणारी मुलगी आणि ‘डॉक्टर’ होऊ इच्छिणारा मुलगा यांना समान प्रतिसाद मिळणे आवश्यक आहे.

समारोप :
परकीय भाषेत प्रथमच स्वतःविषयी बोलताना आपल्या माणसांचे काम सांगण्याजोगे आहे, हा विश्वास विद्यार्थ्याला मिळाला पाहिजे. तो मिळाल्यास व्याकरणाचा सरावही अर्थपूर्ण होतो.