स्पर्धात्मक गोल्फमधील दैव, कौशल्य आणि न्याय्यता

प्रस्तावना :
वसई-विरारच्या मैदानांवर टेनिस चेंडूचे क्रिकेट खेळणाऱ्यांना खड्ड्यावरून अवचित उसळणारा चेंडू नवा नाही. गोल्फमध्ये दैवाचा हा वाटा अधिक मोठा असतो. कारण हा खेळ विस्तीर्ण भूभागावर, वारा, पाऊस व उतार यांच्या सोबतीने खेळला जातो. सारख्याच गुणवत्तेच्या दोन फटक्यांपैकी एक हिरवळीवर थांबतो, तर दुसरा झुडपात शिरतो. अशा स्पर्धेचा निकाल न्याय्य कसा मानावा, याचा विचार येथे केला आहे.

नियमांची भूमिका :
स्कॉटलंडमधील लीथ येथे १७४४ साली १३ लिखित नियम तयार झाले. चेंडू मारता यावा म्हणून दगड किंवा हाडे दूर करण्यास त्यांत सामान्यतः मनाई होती. चेंडू जेथे व जसा पडला असेल तसाच खेळावा, हे तत्त्व आजही मूलभूत आहे. फेअरवेवरील उत्तम फटक्याचा चेंडू दुसऱ्या खेळाडूने उखडलेल्या खळग्यात बसला, तरी सवलत मिळत नाही. साचलेले पावसाचे पाणी वा मानवनिर्मित अडथळा असल्यास मात्र दंडाविना चेंडू हलविता येतो. २०१९ च्या सुधारित नियमांनी हिरवळीवरील बुटांच्या खिळ्यांच्या खुणा बुजविण्यास मुभा दिली. तात्पर्य, नियम दैव नाहीसे करीत नाहीत. त्याची मर्यादा सर्वांसाठी सारखी आखतात.

कौशल्याची कसोटी :
अडचणीतून चेंडू बाहेर काढणारा 'रिकव्हरी शॉट' येथे महत्त्वाचा ठरतो. १९७९ च्या ब्रिटिश ओपनच्या अखेरच्या फेरीत सेव्ह बॅलेस्टेरोस यांचा सोळाव्या होलवरील चेंडू मोटारींच्या तळावर गेला. नियमानुसार त्यांना दंडाविना सवलत मिळाली. त्यांनी तेथे बर्डी साधली व तीन फटक्यांनी विजेतेपद मिळविले. सवलत हे सुदैव होते; परंतु ती कोणाही स्पर्धकास मिळाली असती. पुढचा फटका मात्र त्यांचाच होता.

पुण्याचे उदयन माने यांचे उदाहरणही बोलके आहे. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रियो यांनी माघार घेतल्याने जुलै २०२१ मध्ये त्यांना टोकियो ऑलिंपिकचे दार उघडले. ही संधी दैवाने आली. परंतु राखीव यादीत पुढे असणे ही वर्षानुवर्षांच्या खेळाची कमाई होती. प्रत्यक्ष स्पर्धेत ६० खेळाडूंत ते छप्पन्नावे आले. दैवाने प्रवेश दिला, गुण दिले नाहीत.

समारोप :
दीर्घकाळात दैव समसमान वाटले जाते, असे म्हटले जाते. एका होलपुरते ते खरे नसते. म्हणूनच प्रमुख स्पर्धा चार फेऱ्यांत, ७२ होलवर घेतल्या जातात. तरीही सकाळच्या गटाला शांत हवा आणि दुपारच्या गटाला वादळ, हे घडतेच. गोल्फमधील न्याय समान परिस्थितीची हमी देत नाही. वाट्याला आलेल्या परिस्थितीत सर्वांना एकच नियम लागू राहील, एवढीच हमी तो देतो. आणि खेळाडूची खरी परीक्षा तेथूनच सुरू होते.