कयाक घेतली, पण ती पाण्यापर्यंत नेणार कोण? ट्रॉली निवडण्याचं साधं गणित



मालवण तालुक्यातल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. माझ्या कार्यशाळेला आला होता. घरची जागा समुद्राला लागून, पोहण्यात तरबेज, बोलायला गोड. त्याने कर्ज काढून सहा कयाक घेतल्या. वल्ही, लाइफ जॅकेट, बोर्ड, परवानगीची धावपळ, सगळं व्यवस्थित केलं. हंगामाच्या पहिल्याच शनिवारी सकाळी सातला सहा जणांचं एक कुटुंब आलं आणि नेमकी त्याच वेळी पूर्ण ओहोटी होती. कयाक ठेवल्या होत्या माडांच्या सावलीत, पाणी शंभरेक पावलं लांब. गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून त्याने आणि हाताखालच्या मुलाने दोन कयाक एकावर एक ठेवून उचलल्या. मऊ वाळूत मुलाचा पाय रुतला आणि कंबरेत उसण भरली.

त्या दिवशीचे पैसे परत गेले. तो मुलगा तीन आठवडे घरी बसला. त्याचा पगार आणि औषधपाणी मालकानेच केलं, आणि ते योग्यच होतं. नंतर फोनवर मला म्हणाला, "सर, कयाक घेतलंय, पण ती पाण्यापर्यंत नेतलो कोण, ह्येचो इचारच करूक नाय."

मित्रांनो, आपल्यापैकी बहुतेकांचं असंच होतं. मोठी वस्तू आपण दहा ठिकाणी चौकशी करून घेतो आणि ती रोज हलवायची कशी हे विसरतो. म्हणून आजचा विषय कयाक आणि कनू वाहून नेण्याची ट्रॉली. व्हिडिओत ती ओढून दाखवली आहे, इथे मोजमापं आणि हिशोब नीट लिहून देतो.

आधी टेप घ्या, पाकीट नंतर काढा

ट्रॉली बघायला जाण्याआधी तीन गोष्टी मोजा: अंतर, जमीन आणि वजन.

अंतर मोजायचं ते ओहोटीला. दक्षिण कोकणात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत पाण्याची पातळी साधारण दोन मीटर वरखाली होते असं धरा. ऐकायला कमी वाटतं. पण किनाऱ्याचा उतार चाळीसाला एक असेल, तर दोन मीटर पातळी उतरली की पाणी ८० मीटर मागे जातं. सपाट पुळणीवर आणखी लांब.

शिवाय ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. म्हणजे या शनिवारी सातला पाणी दारात असेल, तर पुढच्या शनिवारी सातला ते लांब गेलेलं असेल. आपल्या कोळी बांधवांचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीडच्या सुमारास भरती, आणि त्याआधी सहा-सव्वासहा तास ओहोटी. सकाळी सात! आपल्या मित्राची ती सकाळ पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेचीच होती. हा अंदाज ढोबळ आहे, बुकिंग घेताना भरती-ओहोटीचं कोष्टकच बघा. पण घरातल्या कॅलेंडरवर तिथी बघूनही त्याला आदल्या रात्री अंदाज आला असता.

जमीन मोजायची म्हणजे वाटेत काय काय लागतं ते लिहायचं. अंगणातली चिऱ्यांची पाखाडी, मग कोरडी मऊ वाळू, मग ओली घट्ट वाळू. खाडीकाठी असाल तर चिखल आणि कालवांच्या धारदार शिंपल्या. धरणाच्या काठी असाल तर मुरूम आणि दगड. सगळ्यात वाईट टप्पा कुठला, त्यावर चाक ठरतं.

आता वजन. वर बसायची, प्लॅस्टिकची एकट्याची कयाक साधारण २० ते २७ किलोची असते, दोघांची ३० ते ३८ च्या घरात. ॲल्युमिनियमची मोठी कनूही ३०-३५ किलोच्या आसपास जाते. तुमच्या कयाकचं वजन तिच्या माहितीपत्रकात असतं, तोच आकडा धरा. त्यात वल्ही, जॅकेटं आणि आत राहिलेलं पाणी मिळवा. ट्रॉलीची क्षमता या बेरजेच्या निदान दीडपट हवी.

ट्रॉलीचे तीन प्रकार

पहिला, शेपटीला लावायची. कयाकच्या मागच्या टोकाखाली दोन चाकं बसतात, पुढचं टोक आपण हातात धरून ओढतो. स्वस्त, लहान, कुठेही मावते. पण जवळजवळ अर्धं वजन आपल्या हातात राहतं. ३४ किलोच्या कयाकचे १७ किलो हातात धरून वाळूत शंभर पावलं चालून बघा, मग कळेल. ही जेटीवर आणि फरशीवर ठीक.

दुसरा, भोकांत दांडे घालायची. वर बसायच्या कयाकला पाणी निघून जायला आरपार भोकं असतात. ट्रॉलीचे दोन उभे दांडे खालून त्यात बसतात. पट्टा बांधायची फारशी गरज नाही, काम झटपट. पण दोन अडचणी आहेत. प्रत्येक मॉडेलच्या भोकांमधलं अंतर आणि जाडी वेगळी, त्यामुळे पुढच्या वर्षी दुसऱ्या मॉडेलची कयाक घेतली की ट्रॉली बसेलच असं नाही. दुसरी अडचण जास्त गंभीर. सगळं वजन त्या भोकांच्या भिंतींवर येतं. खड्ड्यात आदळून तिथे तडा गेला, तर पाणी कयाकच्या पोटात शिरायला लागतं आणि ते वरून दिसत नाही. म्हणून तुमच्या कयाकच्या कंपनीने अशी ट्रॉली चालते असं म्हटलं असेल तरच घ्या, आणि कयाकमध्ये सामान भरून ओढू नका.

तिसरा, पाळण्याची. दोन आडव्या गाद्या किंवा इंग्रजी व्ही अक्षरासारखे हात, त्यावर कयाक ठेवायची आणि पट्ट्याने आवळायची. ही मधोमध, किंचित मागे लावली की वजन तोलून जातं आणि हातात अगदी थोडं उरतं. बांधायला थोडा वेळ लागतो. पण कुठल्याही मॉडेलला चालते. कनूला तर भोकंच नसतात, त्यामुळे तिला पाळणाच लागतो, तोही रुंद.

भाड्याने कयाक देणार असाल, तर माझा सल्ला पाळण्याची ट्रॉली. एकच वस्तू सगळ्या कयाकना चालली की स्पेअर पार्ट कमी आणि डोकेदुखीही कमी.

पैसे चाकात घाला

ट्रॉलीत सगळ्यात महत्त्वाचं चाक. बारीक चाक मऊ वाळूत रुततं, कारण सगळं वजन तळहाताहून लहान जागेवर येतं. मग आपण ट्रॉली ओढत नाही, नांगर ओढतो.

मऊ वाळूसाठी फुग्यासारखी जाड, कमी हवेची चाकं येतात. ती चपटी होऊन वजन पसरवतात, म्हणून वर राहतात. त्यांत हवा फार थोडी लागते, दोन ते चार पीएसआय. सायकलच्या टायरसारखी टणक भरली तर त्यांचा उपयोगच संपला. दुपारच्या उन्हात आतली हवा फुगते, तेव्हा थोडी सोडा आणि ट्रॉली सावलीत ठेवा. ही चाकं महाग असतात आणि शिंपल्या, काटे, लांबचा डांबरी रस्ता त्यांना सोसत नाही.

ट्यूबवाली हवेची चाकं घट्ट वाळूवर आणि मातीवर चांगली. पंक्चर होतात, पण पंक्चर काढणारा गावात असतो. भरीव, पंक्चर न होणारी चाकं मुरूम, दगड, सिमेंट यांवर उत्तम, मऊ वाळूत मात्र रुततात. कुठलंही घेतलं तरी मोठा व्यास बरा, कारण मोठं चाक खड्डा आणि दगड सहज पार करतं.

आणि कांदळवनातल्या गुडघाभर चिखलात कुठलंच चाक चालत नाही. तिथे भरतीच्या वेळेप्रमाणे फेऱ्या लावा, नाहीतर जेटी असलेली जागा शोधा. ट्रॉलीवर पैसे घालवू नका.

दोन चाकांमधलं अंतर कयाकच्या रुंदीच्या जवळपास हवं. अरुंद ट्रॉली तिरक्या वाळूत आडवी होते.

खारं पाणी कोणाला सोडत नाही

गावातला वेल्डर साध्या लोखंडी पाइपची ट्रॉली स्वस्तात करून देईल. रंग मारला की छान दिसते. पण गंज वेल्डिंगच्या सांध्यात आणि पाइपच्या आत लागतो, बाहेरून कळत नाही. गोड्या पाण्याच्या धरणावर ती चालून जाईल. समुद्रावर ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टील बघा. स्टेनलेसमध्ये ३०४ पेक्षा ३१६ ग्रेड खाऱ्या हवेत जास्त टिकतो, महागही असतो. ॲल्युमिनियमला स्टीलचे नट-बोल्ट लावाल तिथे मध्ये नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर खारं पाणी लागून त्याच जागी ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

चाकात साधं बॉल बेअरिंग नको. वाळू आणि मीठ शिरलं की ते जाम होतं. नायलॉनचा बुश साधा, पण टिकतो. चाक अडकवायची पिन दोरीने ट्रॉलीलाच बांधून ठेवा, वाळूत पडलेली पिन पुन्हा सापडत नाही. गादीला मऊपणा हवा असेल, तर एसीच्या पाइपवर घालतात ते काळं फोमचं आवरण चालतं. आणि रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवायची. पाच मिनिटांचं काम आहे, कंटाळा करू नका.

आता हिशोब

पुढचे आकडे उदाहरणासाठी आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा सहा कयाक आहेत. दोघांनी हातांनी उचलून एक कयाक पाण्याशी ठेवून परत यायला चार मिनिटं लागतात. सहाला चोवीस. ट्रॉलीने एकटा माणूस तीन मिनिटांत एक कयाक नेतो. दोन ट्रॉल्या, दोन माणसं: नऊ मिनिटांत काम. पंधरा मिनिटं वाचली, आणि माणसं दमली नाहीत.

याने फेऱ्या दुप्पट होतील असं मी सांगणार नाही. कयाक दिवसभर पाण्याशीच असतात, उचल मुख्यतः सकाळ-संध्याकाळची. खरी बचत माणसाच्या कंबरेची आणि जादा मजुरीची. समजा फक्त उचलायला म्हणून तुम्ही रोज ३०० रुपयांचा एक जादा माणूस बोलावता, आणि दोन ट्रॉल्यांना मिळून १८,००० रुपये लागले. १८,००० भागिले ३०० म्हणजे ६० दिवस. रोज धंदा असेल तर दोन महिन्यांत वसूल. फक्त शनिवार-रविवार असेल तर तीस आठवडे, म्हणजे पावसाळ्यातला बंदीचा काळ वगळला तर जवळजवळ अख्खा हंगाम. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, फक्त तुमचं कुठलं ते ओळखा.

सहा कयाकना सहा ट्रॉल्या लागत नाहीत, दोन पुरतात. आधी एकच घ्या. फ्रेम स्थानिक फॅब्रिकेशनवाल्याकडून आणि चाकं विकत, हा मधला मार्ग अनेकांना परवडतो. दहा दिवस वापरा, कुठे अडतं ते लिहून ठेवा, सुधारणा करून मग दुसरी करा.

काही गोष्टी कधीच करू नका

ट्रॉलीवर कयाक असताना त्यात मुलांना बसवू नका, फोटोसाठीसुद्धा नाही. उतारावर कयाकच्या पुढे राहून ओढू नका, मागे राहून धरून ठेवा. फुग्याची चाकं पाण्यावर तरंगतात, त्यामुळे काठावर सोडलेली ट्रॉली भरतीबरोबर निघून जाते. ती वर नेऊन बांधा. आणि सोपं पडतं म्हणून पुळणीवर जीप किंवा ट्रॅक्टर घालू नका. वेळाससारख्या कोकणातल्या अनेक किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात, चाकाखाली घरटं गेलं तर परत येत नाही.

एक लक्षात असू द्या. ट्रॉली म्हणजे सोय. मेरीटाइम बोर्डाची परवानगी, प्रत्येकाला लाइफ जॅकेट आणि प्रशिक्षित माणूस, हे आधी. त्यात काटकसर नाही.

आजचं काम

आपला मालवणचा मित्र आज पाळण्याच्या दोन ट्रॉल्या वापरतो. पहिल्या ट्रॉलीची चाकं अरुंद निघाली, दुसरीत त्याने ती चूक सुधारली. कंबर धरलेला मुलगा परत कामावर आहे, आणि सकाळी कयाक तोच नेतो, एकटा, शीळ घालत.

तुमचं काम असं: येत्या अमावास्येला किंवा पौर्णिमेला पूर्ण ओहोटीच्या वेळी टेप आणि वही घेऊन तुमच्या जागेवर जा. कयाक ठेवायच्या जागेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा, वाटेतली जमीन टप्प्याटप्प्याने लिहा, खाली कयाकचं वजन लिहा. हे एक पान हातात असलं की दुकानदार किंवा वेल्डर तुम्हाला काहीही गळ्यात मारू शकणार नाही. कयाक अजून घेतलीच नसेल, तर उत्तमच. हे पान आधी भरा, मग कयाक घ्या.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, पण कंबर सांभाळून!